एशियाडची गाडी आणि बालेवाडीचं मैदान: मोठ्या क्रीडास्पर्धांचा 'आर्थिक परिणाम' वाचायचा कसा?

एसटीच्या निमआराम गाडीला 'निमआराम' म्हणणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. सगळे 'एशियाड' म्हणतात. २००० नंतर जन्मलेल्यांनाही हा शब्द माहीत असतो, फक्त तो आला कुठून हे माहीत नसतं. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, तेच एशियाड. त्या स्पर्धांच्या वाहतुकीसाठी वापरलेल्या गाड्या नंतर दादर–पुणे मार्गावर धावू लागल्या आणि पुढे त्या प्रकारच्या सगळ्याच गाड्यांना ते नाव चिकटलं. स्पर्धा १६ दिवसांत आटोपली. नाव ४० वर्षांनंतरही फलाटावर ऐकू येतं.

क्रीडा अर्थशास्त्रात याला 'लेगसी' म्हणतात, आपण वारसा म्हणू. आता जरा तुलना करून बघा. त्याच १९८२ च्या स्पर्धेसाठी दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभं राहिलं, उड्डाणपूल झाले, गाड्या आल्या. स्पर्धा संपल्यावर गाडी उचलून दुसऱ्या मार्गावर टाकता आली. उड्डाणपूल जागचा हलत नाही, पण त्यावरून रोज लोक जातात. स्टेडियम हलतही नाही आणि ६० हजार लोकांना रोज तिथे यायचं कारणही नसतं. तिन्हींवरचा पैसा सरकारी, तिन्ही 'स्पर्धेचा खर्च' या एकाच मथळ्याखाली मोजता येतात, आणि तरी तिन्हींचं पुढचं आयुष्य अगदी वेगळं. म्हणून "स्पर्धेवर अमुक हजार कोटी खर्च झाले" हे वाक्य संशोधकाच्या दृष्टीने अजून वाक्यच नाही. कशावर, आणि उद्या त्याचा दुसरा उपयोग काय, हे कळल्यावर ते वाक्य होतं.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. २०३६ चं ऑलिम्पिक भारताला हवंय, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात जाहीर केलं. म्हणजे पुढची दहा वर्षं 'इतक्या कोटींची उलाढाल, इतके रोजगार' असे मथळे येत राहणार. तुमच्यापैकी काही जण पेटच्या मुलाखतीला हाच विषय घेऊन जाणार. गाईडचा पहिला प्रश्न असेल, "परिणाम म्हणजे नक्की काय मोजणार?" आजचा लेख त्या प्रश्नासाठी.

मी तोंडवलीची. आमच्या आणि वायंगणीच्या जमिनीवर सी-वर्ल्ड नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प होणार, अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली. गावातून विरोध झाला, प्रकल्प उभा राहिला नाही. तो बरोबर होता की चूक, हा या लेखाचा विषय नाही. पण अशा प्रकल्पाबद्दल गावात जो प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो तो फार चांगला संशोधन-प्रश्न असतो: आत्ता जे चाललंय त्याचं काय? रापण, माडाच्या बागा, कलमं, चार खोल्यांचे होमस्टे. नवं काही आलं नाही तरी हे चालूच राहणार आहे, थोडं वाढणारही आहे. नव्याचा फायदा मोजायचा तर तो यातून वजा जाऊन उरेल तेवढाच. पुस्तकात याला 'काउंटरफॅक्च्युअल' म्हणतात. स्पर्धा झाली नसती तर काय झालं असतं? क्रीडास्पर्धांच्या अर्थशास्त्रातलं निम्मं भांडण या एका प्रश्नावर आहे.

पैसे कोणाचे?

इतिहासाकडे मी फक्त एवढ्याच प्रश्नाने बघणार आहे.

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी जुन्या संगमरवरी स्टेडियमची डागडुजी झाली ती जॉर्जिओस अव्हेरोफ या श्रीमंत ग्रीक व्यापाऱ्याच्या देणगीतून. आपल्याकडची सुरुवातही देणगीतलीच. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरच्या शर्यती बघून सर दोराबजी टाटांच्या डोक्यात आलं की ही पोरं ऑलिम्पिकला जायला हवीत. १९२० ला अँटवर्पला गेलेल्या त्या छोट्या संघात मॅरेथॉन धावणारा फडेप्पा चौगुले होता, बेळगावचा. तो १९ वा आला. या प्रवासाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायचं होतं तेव्हाही गोष्ट वर्गणीवरच आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं, आणि खाशाबा स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतले. हा काळ नीट लक्षात ठेवा: नुकसान झालं तर ते एका माणसाचं, एका घराचं.

पुढे यजमान शहराच्या तिजोरीतून पैसा जायला लागला आणि आकडे बदलले. १९७६ चं माँट्रियल हे त्याचं ठरलेलं उदाहरण. महापौर झाँ द्रापो यांची खात्री होती की ऑलिम्पिक तोट्यात जाऊच शकत नाही. शहरावर सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलरचं कर्ज झालं आणि ते फिटायला २००६ साल उजाडलं. ज्या मुलांचा १९७६ ला जन्म झाला ती तिशीला आली तेव्हा स्टेडियमचे हप्ते संपले. त्याच वर्षीचं हिवाळी ऑलिम्पिक डेन्व्हरला मिळालं होतं, पण तिथल्या मतदारांनी १९७२ मध्येच पैसे द्यायला नकार दिला आणि स्पर्धा दुसरीकडे न्यावी लागली. परिणाम असा की १९८४ च्या यजमानपदाला शेवटी लॉस एंजेलिसशिवाय गंभीर दावेदारच उरला नाही. एकच गिऱ्हाईक असलं की भाव त्याचा. लॉस एंजेलिसने जुनी स्टेडियमं वापरली, टीव्हीचे हक्क आणि प्रायोजक विकले, आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक ठेवली. या शिलकीचा जगाने काढलेला अर्थ मला फार गमतीचा वाटतो. "स्वस्तात करा, घासाघीस करा" हा धडा घ्यायच्या ऐवजी सगळ्यांनी "ऑलिम्पिक म्हणजे फायदा" असा घेतला आणि पुन्हा रांग लागली. रांग लागली की भाव पुन्हा दुसऱ्याचा.

खर्च वाढतो कसा, यावर ऑक्सफर्डमध्ये बेंट फ्लायबर्ग यांच्या गटाने केलेलं काम प्रसिद्ध आहे. १९६० ते २०१६ या काळातल्या ज्या ऑलिम्पिकची आकडेवारी मिळाली, त्यांत महागाई वजा करूनही खर्च मूळ अंदाजापेक्षा सरासरी १५६ टक्के जास्त झाला. माँट्रियलचा ७२० टक्के. कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. लग्नाची तारीख पत्रिकेत छापून झाली की मांडववाला भाव कमी करत नाही. धरणाचं काम दोन वर्षं पुढे ढकलता येतं, उद्घाटन सोहळा नाही. वेळ हलत नाही, मग पैसा हलतो.

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांबद्दल कॅगचा अहवाल आहे, तो मुळातून वाचा. २००३ मध्ये यजमानपद मागताना धरलेला अंदाज २९७ कोटींचा होता. अहवालात शेवटचा आकडा येतो सुमारे १८,५०० कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून लगेच भागाकार करू नका. पहिल्यात सुरक्षा आणि शहराच्या पायाभूत सुविधा धरलेल्या नव्हत्या, दुसऱ्यात रस्ते-पुलांपासून बरंच काही आहे. म्हणजे 'साठपट खर्च' हा मथळा वर्तमानपत्राला चालेल, प्रबंधाला नाही. पण म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. सुरुवातीला जे धरलंच नव्हतं ते लागणार हे कोणालाच माहीत नव्हतं का? व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा २०२३ मध्ये खर्च वाढतोय म्हणून सरळ सोडून दिल्या, आणि त्या ग्लासगोला गेल्या. आधी मोजलं तर नकोही म्हणता येतं.

चिवला बीचचं गणित

आता परिणामाकडे. मोठ्या आकड्यांत तत्त्व हरवतं, म्हणून छोटी स्पर्धा घेऊ. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. राज्यभरातून पोहणारी मुलं येतात, बरोबर आई-बाबा, एखादा भाऊ, प्रशिक्षक. खालचे आकडे मी केवळ समजावण्यासाठी धरलेत, खरे नाहीत.

समजा, त्या शनिवार-रविवारी बाहेरची १,००० माणसं आली आणि प्रत्येकाने २,००० रुपये खर्च केले. झाले २० लाख. बातमी येणार, 'स्पर्धेमुळे मालवणात २० लाखांची उलाढाल'. बातमी खोटी नाही. पण हा परिणाम नाही.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे हंगाम. तारकर्लीपासून देवबागपर्यंत खोल्या तशाही भरतात. पोहणाऱ्यांनी खोल्या घेतल्या तेव्हा ज्यांना खोली मिळाली नाही ते गणपतीपुळ्याला गेले, नाही तर गोव्याला. समजा ४०० माणसं अशी बाहेर ढकलली गेली. याला क्राउडिंग आउट म्हणतात. उरली ६००. त्यातली १०० अशी, की मालवणला एकदा यायचंच होतं, जानेवारीत येणार होती, स्पर्धा आहे म्हणून आत्ता आली. हा खर्च नवा नाही, फक्त अलीकडे सरकला. राहिली ५००, म्हणजे १० लाख रुपये. आता हे १० लाख मालवणात राहतात का? सुरमई इथली, सोलकढीचा नारळ इथला, खोलीभाडं इथलं. पण बाटलीबंद पाणी, पेट्रोल, पनीर आणि ऑनलाइन बुकिंगचं कमिशन बाहेर जातं. समजा ४० टक्के गळालं. हातात ६ लाख. हे सहा लाख गावात फिरतात: खानावळवाली मुलाची फी भरते, रिक्षावाला किराणा भरतो. यालाच गुणक म्हणतात. छोट्या गावात गुणकही छोटाच असतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पैसा कणकवली-कोल्हापूरला पोचलेला असतो. १.३ धरला तर ७ लाख ८० हजार.

स्पर्धेची जाहिरात करणारा अहवाल काय करेल? २० लाख घेईल, २ चा गुणक लावेल आणि ४० लाख लिहील. क्रीडा अर्थशास्त्रज्ञांमध्ये अर्ध्या थट्टेत सांगितला जाणारा नियम आहे: आयोजकांचा आकडा घ्या आणि दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवा. आपल्या उदाहरणात पाचावा हिस्सा उरला, म्हणजे मी उदारच होते म्हणायचं.

मालवणची जी माणसं बीचवर जाऊन वडापाव खाऊन आली त्यांचा खर्च मी धरलाच नाही, हे लक्षात आलं का? त्यांनी तो एरवीही बाजारपेठेत कुठेतरी केला असता. आणि आणखी एक. हेच गणित मालवणसाठी न करता महाराष्ट्रासाठी करा. पोहणारे पुण्याचे, नाशिकचे, कोल्हापूरचे. पुण्यातल्या सिनेमाचा पैसा मालवणच्या खानावळीत आला. राज्याच्या दृष्टीने परिणाम जवळजवळ शून्य, मालवणच्या दृष्टीने खराखुरा फायदा. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणून सिनॉप्सिसमध्ये अभ्यासाची भौगोलिक हद्द लिहिताना ती औपचारिकता समजू नका. तिथे चूक झाली तर पुढचं सगळं गणित दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

हे सगळं डोक्यात ठेवून २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा आकडा बघा. आयसीसीने २०२४ मध्ये अहवाल दिला: भारतावर एकूण आर्थिक परिणाम १.३९ अब्ज डॉलर, म्हणजे ११,६३७ कोटी रुपये. नागपूरहून वानखेडेवर सामना बघायला आलेल्या माणसाचं हॉटेल यात कसं धरलंय? गहुंज्याला आलेल्या सातारकराचं? हे प्रश्न अहवालाला विचारायचे. शिवाय प्रमाण बघा. २०२३-२४ मध्ये भारताचं सकल देशांतर्गत उत्पादन साधारण साडेतीन लाख कोटी डॉलरच्या वर होतं, त्याच्या हा आकडा ०.०४ टक्के भरतो. पाऊस आठवडाभर लांबला तरी यापेक्षा मोठा फरक पडतो. म्हणजे देशाच्या जीडीपीच्या आकडेवारीत विश्वचषकाचा परिणाम शोधायला जाल तर काहीच सापडणार नाही, आणि 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'परिणाम नाही' असा काढलात तर तोही चुकेल. मोजपट्टी वस्तूच्या मापाची हवी.

लंडनचा दाखला इथे बसतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन ऑलिम्पिकमध्ये, ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी घटली. गर्दी आणि महागाईच्या धास्तीने नेहमीचे पर्यटक आलेच नाहीत. मात्र जे आले त्यांनी खर्च जास्त केला. दोन्ही आकडे सांगायचे असतात, आपल्या सोयीचा एक नाही.

बालेवाडीचा भाव कोणी वाढवला?

आपल्या घरचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्याचं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीत श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ ला तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या: ७१ देश, ९ खेळ. दिल्ली २०१० ची ती रंगीत तालीमच मानली गेली. निमित्ताने शहरात रस्त्यांची, सुशोभीकरणाची कामं निघाली.

आज बाणेर-बालेवाडी म्हणजे उंच इमारती आणि कॅफे. सहज कोणीही म्हणेल, "स्पर्धेने बालेवाडी बदलली." हे वाक्य मला तुमच्याकडून तपासून घ्यायचंय, कारण संशोधनाच्या पद्धतीचा इतका चांगला व्यायाम दुसरा मिळणार नाही.

१९९७ मध्ये बालेवाडी पुणे महापालिकेत आली. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पलीकडे हिंजवडीत आयटी पार्क वाढत गेलं. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. बंगळुरू महामार्ग शेजारून जातो. या सगळ्यानंतर २००८ ची स्पर्धा. आता सांगा, जमिनीचा भाव कोणामुळे वाढला? स्पर्धा झाली नसती तर हिंजवडीचे इंजिनिअर राहायला कुठे गेले असते? बहुधा बालेवाडीतच.

'आधी आणि नंतर' अशी तुलना इथे निरुपयोगी आहे. लागतं एक जोडगाव, ज्याला आयटी पार्क आणि महामार्ग मिळाला पण मैदान मिळालं नाही. लगेच डोळ्यासमोर येतं वाकड. हिंजवडीला लागून, महामार्गाला लागून, आणि तेही १९९७ मध्येच महापालिकेत गेलेलं. मग बालेवाडीतली वाढ वजा वाकडमधली वाढ, हा झाला स्पर्धेचा परिणाम. हीच डिफरन्स-इन-डिफरन्सेस पद्धत, जिच्या नावाने परीक्षेत घाम फुटतो.

इतकं सोपं असतं तर लेख इथेच संपला असता. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे, बालेवाडी पुण्याच्या. दोन पालिका, दोन विकास आराखडे, पाण्याची दोन वेगळी गणितं. शिवाय वाकड आणि बालेवाडी यांच्यामध्ये फक्त मुळा नदी. मैदानाचा काही फायदा पूल ओलांडून वाकडला गेलाच असेल, म्हणजे तुलनेचं गावच थोडं 'भिजलेलं' आहे. आणि परिणामाची तारीख कोणती धरणार? जमिनीचा भाव स्पर्धेच्या दिवशी वाढत नाही, घोषणेच्या दिवशी वाढतो. कधी कधी घोषणेच्या आदल्या दिवशी, आणि तो कोणाकडून, यावर वेगळा प्रबंध होईल.

आकडेवारी कुठे मिळेल? नोंदणी व मुद्रांक विभागाचे रेडी रेकनरचे दर भागवार मिळतात. पण ते सरकारने ठरवलेले दर असतात, बाजाराच्या मागून चालतात. इंडेक्स-टूमध्ये प्रत्यक्ष खरेदीखताची रक्कम असते, आणि ती किती खरी लिहिलेली असते हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. तरीही लबाडीचं प्रमाण दोन्ही गावांत सारखंच असेल असं मानायला जागा असेल, तर फरक काढताना ती चूक बरीचशी कटते. अपुऱ्या आकडेवारीतून काम काढायचं ते असं.

मैदानाचं स्वतःचं काय झालं, तेही बघायला हवं. युवा स्पर्धा झाल्यावर त्याच वर्षी तिथे जागतिक ज्युनिअर बॅडमिंटन स्पर्धा झाली आणि सायना नेहवालने सुवर्ण घेतलं. २०१३ ला आशियाई ॲथलेटिक्स, २०१८ पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन टेनिस, २०२२ ला महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने. 'पांढरा हत्ती' म्हणून मोकळं होण्याइतकं ते रिकामं राहिलेलं नाही. गोव्यात फातोर्ड्याचं स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषक देशांच्या खेळांसाठी, नव्याने सजवलं गेलं. पण पुढे ते जिवंत राहिलं ते एफसी गोवाच्या सामन्यांमुळे. माझं मत असं की मैदानाचं भवितव्य एका मोठ्या स्पर्धेवर ठरत नाही. दर शनिवारी तिथे कोण येतं यावर ठरतं. आणि हा प्रश्न आराखडा मांडतानाच विचारता येतो, वीस वर्षं थांबावं लागत नाही.

हरलेल्यांचा अभ्यास

तुलनेसाठी जोडगाव शोधायची सगळ्यात हुशार युक्ती अँड्र्यू रोझ आणि मार्क स्पीगल यांनी वापरली. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑलिम्पिक भरवणाऱ्या देशांचा परदेश व्यापार इतरांपेक्षा साधारण ३० टक्के जास्त दिसतो, असं त्यांना आढळलं. इथवर आयोजक खूश. पुढे त्यांनी विचारलं, ज्यांनी यजमानपद मागितलं पण मिळालं नाही, त्यांचं काय? त्यांचाही व्यापार जवळजवळ तेवढाच जास्त निघाला.

थांबा आणि याचा अर्थ लावा. स्पर्धा भरवली काय, न भरवली काय, परिणाम सारखाच. म्हणजे परिणाम स्टेडियमचा, पाहुण्यांचा नाहीच. रोझ-स्पीगलचं म्हणणं, देश जेव्हा जगासाठी दारं उघडायचं ठरवतो तेव्हा तो ऑलिम्पिकही मागतो. मागणं हाच संकेत. बीजिंगला जुलै २००१ मध्ये यजमानपद मिळालं, डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ चं, आणि जपान ओईसीडीत आला तोही १९६४ मध्येच.

गोष्ट इथेही संपत नाही, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. २०१२ मध्ये वोल्फगांग मेनिग आणि फेलिक्स रिश्टर यांनी आक्षेप घेतला. ऑलिम्पिक मागणारे देश मुळातच मोठे, श्रीमंत, व्यापारी. त्यांची तुलना जगातल्या सगळ्या देशांशी का करता? त्यांच्यासारख्याच देशांशी करा. तशी तुलना केल्यावर तो ३० टक्के परिणाम नाहीसाच झाला. आकडेवारी बरीचशी तीच, तुलनेचा गट बदलला, निष्कर्ष उलटा. तुमच्या साहित्य परीक्षणात 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी ओळीने यादी देण्याऐवजी हे भांडण मांडा. कोणी कोणाशी तुलना केली, एवढं सांगितलंत तरी वाचणाऱ्याला तुम्ही निबंध वाचलेत हे कळेल.

याच्या आधी रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन यांनी अमेरिकेतल्या १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाचं केलेलं काम आहे. स्पर्धेआधीचा अंदाज ४ अब्ज डॉलर फायद्याचा. नंतर त्यांनी यजमान शहरांची अपेक्षित वाढ आणि प्रत्यक्ष वाढ ताडून बघितली, तर शहरांचा मिळून साडेपाच ते सव्वानऊ अब्ज डॉलरच्या आसपास तोटा निघाला. या पद्धतीवरही बोट ठेवता येतं. शहराची वाढ कशाकशाने कमी-जास्त होते, ते सगळं फुटबॉलच्या नावावर टाकता येत नाही. पण आधीचा अंदाज आणि नंतरचं मोजमाप यांत किती अंतर पडू शकतं, ते दिसतं.

मग स्पर्धा भरवूच नयेत का? तसं मला वाटत नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर विश्वचषक जिंकला तेव्हा मालवणच्या बाजारपेठेतही फटाके वाजले. त्या आनंदाला किंमत आहे, आणि ती मोजायच्या पद्धतीही आहेत: "ही स्पर्धा आपल्याकडे व्हावी म्हणून तुम्ही वर्षाला किती जास्त कर द्याल?" असं लोकांना विचारायचं. या उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा वाद. पण आनंदासाठी खर्च करतोय असं म्हणून खर्च करणं एक, आणि तोच खर्च 'गुंतवणूक' म्हणून खपवणं दुसरं. जत्रेला वर्गणी देताना गावात कोणी परतावा विचारत नाही.

जत्रेवरून आठवलं, कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी एक विषय फुकट देऊन ठेवते. चिवल्याची स्पर्धा डिसेंबरातच असते, त्यामुळे गर्दी स्पर्धेची की हंगामाची हे वेगळं करता येत नाही. पण आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीला बांधलेली नाही. दरवर्षी कौल घेऊन तारीख ठरते, ती पुढे-मागे होते. संशोधकाच्या दृष्टीने हे सोनं आहे. वर्षानुवर्षांच्या तारखा लावून एसटीच्या आणि रेल्वेच्या प्रवाशांचे रोजचे आकडे मिळवलेत, तर हंगाम आणि उत्सव सुटे करता येतील. एखाद्या मोठ्या सोहळ्यामुळे छोट्या गावात नवीन पैसा किती येतो, आणि त्यातला किती टिकतो, हे आधी इथे शिकता येईल. पद्धत हातात बसली की ती स्टेडियमलाही लागू होते.

आणि ज्यांना अहमदाबादच करायचंय त्यांनी एक गोष्ट लगेच करा. साबरमतीच्या काठाच्या, मोटेराच्या आसपासच्या जमिनींचे दर, भाडी, रिक्षाचालकांची दिवसाची कमाई, छोट्या खानावळींचं रोजचं गिऱ्हाईक, हे आजच्या तारखेला नोंदवून ठेवा. त्याबरोबर तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या भागाचंही. यजमानपदाची घोषणा होऊन गेली आहे, म्हणजे 'आधी'चा थोडा भाग हातातून गेलाच आहे. स्पर्धेनंतरची आकडेवारी द्यायला सगळे पुढे येतील. २०३१ मध्ये कोणाकडे मिळणार नाही ती आजची. पुढच्या लेखात इंडेक्स-टूमधून भागवार नोंदी कशा काढायच्या आणि त्यातली घाण कशी साफ करायची, ते बघू.